केईएम वर लिहिलं तर मिरज हातचं जातं का? (एमबीबीएस प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी)

जत_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. २०२५ ची नीट दिलीये, दुसरा अटेम्प्ट, लातूरला दोन वर्षं काढली. एनटी-सी (भटक्या जमाती-क) आहे, जात व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर सगळे दाखले तयार. स्टेट मेरिट नंबर बघता मिरज अगदी काठावर, सोलापूर होईल बहुतेक, अंबाजोगाई नक्की असं वाटतंय. पण मनात मुंबईचं केईएम आहे, पुण्याचं बीजे पण. मामा म्हणतात जे मिळणार तेच लिही, उगाच हवेत उडू नको, यादी वाया जाते. आणि क्लासजवळ एकजण यादी भरून द्यायचे १५ हजार मागतोय, तो पण म्हणाला वरची कॉलेजं टाकली की सिस्टिम खाली ढकलते. खरंय का हे? बाबा शेतकरी आहेत, १५ हजार म्हणजे खेळ नाही, म्हणून विचारतोय.

इंटर्न_जागा_आहे
नाईट ड्युटीवरून टाईप करतोय, चुका पोटात घाला.

पहिलं म्हणजे ते १५ हजार घरी ठेव, हॉस्टेलला गादी-बादली-कुकर घ्यायला लागतील. सिस्टिम ढकलत बिकलत नाही. मेरिट नंबर एकपासून खाली येतात, तुझा नंबर आला की तुझी यादी वरून वाचतात, केईएमला तुझ्या कॅटेगरीत किंवा ओपनमध्ये जागा शिल्लक आहे का, नाही, पुढचं, बीजे, नाही, पुढचं, असं करत जिथे जागा दिसेल तिथे तुला टाकलं. मिरज तू पहिलं लिहिलंस का नववं याने काडीचा फरक पडत नाही, तुझ्या मागच्या नंबरचा पोरगा मिरज पहिलं लिहून तुझ्या पुढे जाऊ शकत नाही. स्टँडवर खिडकीला विचारतोस ना शिवशाही आहे का, नाही म्हटलं तर लालपरीचं तिकीट घेतोस, विचारलं म्हणून लालपरी निघून जाते का?

मी स्वतः सहा कॉलेजं अशी लिहिली होती जी मिळणं शक्यच नव्हतं, सातवं मिळालं.

म्हणून क्रम मिळण्याच्या शक्यतेने नाही लावायचा, आवडीने लावायचा. फक्त खाली यादी तोकडी ठेवू नको. आणि काठ बघताना मार्क धरू नको, रँक धर. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते आणि २०२५ ला देशात पहिला आलेल्याला ६८६, मार्कांची तुलना करून डोकं फिरेल.

लेकीची_आई
इंटर्न दादांचं बरोबर आहे पण अर्धंच सांगितलं त्यांनी. आमचा घोळ ऐक. मुलीला प्रवेशाच्या पहिल्या राऊंडला घरापासून दीड तासावरचं सरकारी कॉलेज मिळालं, अ‍ॅडमिशन घेतली, हॉस्टेलची खोली झाली, मैत्रिणी झाल्या. दुसऱ्या राऊंडला जुनीच यादी कॉपी करून टाकली, त्यात वर एक लांबचं कॉलेज कुणीतरी नाव मोठं आहे सांगितलं म्हणून लिहिलेलं. ते लागलं. आणि ते लागलं की आधीची सीट आपोआप जाते हो, मला तीच पाहिजे म्हणायची सोय नाही. रडत रडत बॅगा भरल्या. तेव्हा दुसऱ्या राऊंडची यादी भरताना हातात असलेल्या कॉलेजच्या वर फक्त तेच ठेव जिथे खरंच जाशील, आणि आहे त्यातच खूश असशील तर सरळ रिटेन्शन फॉर्म (हीच सीट कायम ठेवतो असा) भरून मोकळा हो, मग पुढच्या राऊंडची कटकटच नाही.

मेयोवाला
सेंट्रलचं, म्हणजे देशपातळीवरच्या प्रवेशाचं रजिस्ट्रेशन केलंस का? राज्याच्या यादीत एम्स नागपूर दिसणार नाही, एम्स सगळी एमसीसीकडून (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) जातात, शिवाय सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागाही तिकडूनच. डिपॉझिट ओपनला १० हजार, तुला ५, सीट लागली नाही तर परत येतं. फक्त तिथे एनटी-सी वगैरे काही नसतं, ओबीसी म्हणून जावं लागतं आणि सर्टिफिकेट सेंट्रलच्या नमुन्यातलं लागतं. तहसीलमध्ये नीट सांगून काढ, नाहीतर हातात पुन्हा राज्याचंच ठेवतात.

मोठं नाव सोडून एक सांगतो. जुनं कॉलेज का घ्यायचं, तर तिथे पीजी रेसिडेंट (पुढचं शिकणारे डॉक्टर) असतात, सगळ्या शाखा असतात, रात्री दोनला वॉर्डात विचारायला माणूस असतो. गेल्या काही वर्षांत जिल्हा रुग्णालयाला जोडून जी नवी निघाली तिथे हे सगळं अजून जुळतंय. पण केईएमला तुझ्यासारख्यांची गर्दीही असते, २५० ची बॅच, मुंबईचा खर्च, लोकलचे धक्के. मला विचारशील तर मिरज त्यातल्या अर्ध्या नावांपेक्षा बरं, १९६२ चं कॉलेज आहे, कर्नाटकातूनही पेशंट येतात, आणि तुझं घर जवळ.

इंटर्न_जागा_आहे
मेयोवाले, मिरजबद्दल मान्य, पण त्याने केईएम का काढावं? पोराला जायचंय तर लिहू दे की वर. आणि बाँड सगळीकडे तोच, एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा नाहीतर १० लाख, त्यामुळे त्यावरून कॉलेज निवडू नको.

जत_एक्सप्रेस
सगळ्यांचे आभार. यादी अशी केलीय: केईएम, बीजे, जेजे, सायन, नायर, मिरज, कोल्हापूर, सोलापूर, मग संभाजीनगर, अंबाजोगाई आणि खाली उरलेली सगळी सरकारी. नायरच्या जागी मिरज वर घ्यावं का असं रात्रभर चाललंय, आई म्हणते मिरजला असलास तर रविवारी भाकरी घेऊन येता येईल. मामांना अजून दाखवली नाही.

लेकीची_आई
आईचं ऐक बाबा :)

मेयोवाला
फॉर्ममध्ये केईएम, जेजे असं शोधू नको, सापडणार नाही, तिथे कॉलेजचं नाव असतं. शेठ जीएस म्हणजे केईएम, ग्रँट म्हणजे जेजे, लोकमान्य टिळक म्हणजे सायन, टोपीवाला म्हणजे नायर. नागपूरची तर दोन आहेत, आमचं मेयो इंदिरा गांधी नावाने आणि मेडिकल नुसतं जीएमसी म्हणून. माझ्या रूममेटने घाईत उलटं टाकलं होतं. कोड लिहून घे, कागदावर आधी मांड, मग सबमिट कर.