नॅचरल इंजिन बिल्ड: पहिला पैसा हेडवर की पिस्टनवर?

डिचोलीकर
फोंड्याला एका ओळखीच्या गॅरेजात मारुती एस्टीम उघडून पडलीय आणि तिच्यावरून आमच्यात वाद पेटलाय. सोळा व्हॉल्वची (झडपांची), १२९८ सीसी, कंपनीचे ८५ बीएचपी. टर्बो नको, नायट्रस नको, मालकाला नॅचरलच हवी, म्हणजे बाहेरून हवा न कोंबता इंजिन स्वतः ओढेल तेवढीच. ऑटोक्रॉस (मैदानात वळणावळणांची घड्याळाशी शर्यत) खेळायचं आणि कधीमधी चोर्ला घाट चढायचा. त्याने सगळ्यात आधी चौकशी कसली केली, तर फॉर्ज्ड (ओतीव नव्हे, ठोकून घडवलेल्या) पिस्टनची! हेडचं (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात झडपा बसतात) काय करायचं ते ठरवल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर देणं म्हणजे अंगाचं माप न देता सदरा शिवायला टाकणं.

हिशेब करा. ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी. आत्ताचं कॉम्प्रेशन (मिश्रण कितीपट दाबलं जातं ते) ९ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ४०.६ सीसी. १०.५ करायचं तर ती ३४.२ वर आणायची. एवढा खटाटोप करून पदरात काय? ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या) कागदी हिशेबाने कार्यक्षमता जेमतेम ४ टक्के वाढते. ८५ चे ८८-८९ झाले. उलट श्वास मोकळा केला तर इंजिन वरच्या आरपीएमला दम टाकत नाही. नॅचरल इंजिनात हवा ढकलणारं दुसरं कोणी नसतं. जी आत येईल ती हेडमधूनच.

वास्को_सेकंडगिअर
डिचोलीकर बाब, त्या ४ टक्क्यांना हिणवू नका. ते २५०० आरपीएमला मिळतात आणि ६५०० लाही मिळतात. पोर्टिंगचं (हेडमधले पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, घासून मोकळ्या करण्याचं) सुख सगळं वरच्या आरपीएमला. ऑटोक्रॉसला गाडी कितीदा तिथवर जाते? कोन आला, ब्रेक, सेकंड गिअर, परत ३००० पासून सुरुवात. अशा वेळी मोठा पोर्ट असेल तर हवेचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो.

आणि पोर्टिंग करणार कोण? हातात ग्राइंडर धरून पोर्ट आरशासारखा चकचकीत करून देणारे पायलीला पन्नास आहेत. फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून देणारा हवा असेल तर हेड कोइम्बतूरला पाठवा आणि वाट बघत बसा. पिस्टन निदान कॅटलॉगमध्ये माप लिहून येतो.

डिचोलीकर
पोर्ट मोठा करा असं मी कुठे म्हटलं? व्हॉल्व सीटला (झडप बसते त्या कडेला) नीट तीन अँगल, सीटच्या लगेच मागची धार साफ, गाईडपाशी (झडपेचा दांडा सरकतो त्या नळीपाशी) थोडा हात. निम्म्याहून जास्त फायदा तिथेच असतो. पोर्टचं माप कंपनीचंच राहू दे. वेगही राहील, टॉर्कही.

म्हापशाचा_लेथ
दोघांनाही एक सांगतो, कारण असली हेडं माझ्या टेबलावर येतात.

‘पिस्टन कशाला, हेड फेसिंग मारून (तळ घासून) कॉम्प्रेशन वाढवू’ म्हणणारे रोज भेटतात. त्यांच्यासाठी हिशेब. वरच्याच आकड्यांनी ६.४ सीसी कमी करायचेत. ७४ च्या बोअरचं क्षेत्रफळ ४३ चौरस सेंमी, म्हणजे १ मिमी घासल्यावर फार तर ४.३ सीसी जातात. चेंबर (हेडमधला जळणाचा खळगा) बोअरपेक्षा लहानच असतं, म्हणून खरं तर त्याहूनही कमी. म्हणजे दीड मिमीच्या वर घासणं आलं! तेवढं घासलंत की झडपा पिस्टनच्या जवळ येतात, आणि हेड खाली बसल्यामुळे टायमिंग बेल्टवरचा कॅम (झडपा उघडणारा दांडा) मागे पडतो. मग ऍडजस्टेबल पुली आणा. स्वस्तातला उपाय महागात पडला.

म्हणून १०.५ हवंच असेल तर ते पिस्टननेच. पण डोक्यावर उंच डोंगर असलेला पिस्टन नको. ज्वाळेला तो डोंगर वळसा घालून जावं लागतं, जळण सावकाश होतं, ठिणगीचं टायमिंग जास्त ऍडव्हान्स (लवकर) करावं लागतं. माथा सपाटाच्या जवळ, झडपांपुरते खड्डे, आणि वर आल्यावर हेडच्या सपाट भागापासून साधारण १ मिमी अंतर. त्या फटीतून मिश्रण चेंबरमध्ये पिळून फेकलं जातं आणि नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या खटखटीला) आळा बसतो. हेड आणि ब्लॉकमध्ये जाड गॅस्केट टाकून ही फट वाढवणाऱ्यांना काय म्हणावं!

कॅम बदलणार आहात का, हे अजून कोणी बोललंच नाही. मोठ्या कॅममध्ये इनटेक झडप उशिरा मिटते, वर चढणारा पिस्टन थोडी हवा परत ढकलतो, आणि प्रत्यक्षातलं कॉम्प्रेशन खाली येतं. म्हणजे तसला कॅम टाकून पिस्टन जुनेच ठेवलेत तर गाडी खाली मेल्यासारखी चालणार. वास्कोवाल्याचं म्हणणं इथे खरं ठरतं.

पिस्टनच्या मिश्रधातूचं: नॅचरलसाठी ४०३२ (ऍल्युमिनियमचा एक प्रकार) पुरे. त्यात सिलिकॉन सुमारे १२ टक्के, फुगतो कमी, क्लिअरन्स (सिलिंडरशी ठेवायची फट) कमी ठेवता येतो. २६१८ जास्त मार सोसतो, पण फुगतोही जास्त, म्हणून सैल बसवावा लागतो आणि सकाळी थंड इंजिन खडखडतं. तो टर्बोवाल्यांना राहू दे. काहीही घ्या, पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉक बोअर करू नका. पिस्टन मोजायचा, मग होनिंग (सिलिंडरची बारीक घासणी).

पेडणेकरीण
१०.५ का, ११ का, हे सगळे पुण्याच्या मुलांचे आकडे बघून ठरवतात. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर, तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास कमी. तिथे न खटखटणारं इंजिन मिरामारला मे महिन्यात खटखटू शकतं, कारण सिलिंडर जास्त भरतो.

दुसरी बाजूही सांगते. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. त्याला ऑक्टेनचा निकष किमान ९५ चा, आणि इथेनॉल उडताना उष्णता जास्त शोषतं. कॉम्प्रेशनला ते मानवतं. फक्त इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधनाचं १४.७ चं प्रमाण ई२० ला साडेतेराच्या आसपास येतं. मॅप (ईसीयूमधला इंधन-ठिणगीचा तक्ता) न बदलता कॉम्प्रेशन वाढवलं आणि मिश्रण पातळ राहिलं, तर फॉर्ज्ड पिस्टनचाही चुरा होईल. माझ्या मते पहिला पैसा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि वाइडबँड सेन्सरवर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा).

आणि हो, जुन्या एस्टीमचे इंधनाचे रबरी पाइप आधी बदला. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी ठेवणार असाल तर टाकीकडेही बघा, इथेनॉल ओल ओढतं.

सत्तरीकर
७००० आरपीएमला या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर. चांगला कास्ट (ओतीव) पिस्टन एवढं सोसतो. ०.५० मिमी ओव्हरसाईज पिस्टन, नवीन रिंगा, सीटचं काम, बस्स. उरलेल्या पैशाचे टायर घ्या.

वास्को_सेकंडगिअर
सत्तरीकर, नॉकिंग झालं तर कास्टचा रिंगलँड (दोन रिंगांमधली पिस्टनची कड) पहिला तुटतो, हे सांगायचं राहिलं तुमचं. पेडणेकरीण बाय म्हणतात तसा मॅप चुकला तर फॉर्ज्ड निदान एखादी चूक माफ करतो.

सत्तरीकर
मग चूक करू नका.

म्हापशाचा_लेथ
मालकाला सांगा, आधी चेंबर मोजायचं. हेड उलटं ठेवायचं, झडपा आणि प्लग बसवून, भोक पाडलेली ऍक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि ब्युरेटने रॉकेल सोडायचं. चारही चेंबर वेगवेगळे निघतील, पैज लावतो. ते सारखे करायचे, मग गॅस्केटचा आणि ब्लॉकच्या डेकचा (वरच्या सपाट पृष्ठाचा) हिशेब धरून पिस्टनचा माथा ठरवायचा. झडपांचं अंतर बघायला पिस्टनवर प्लास्टिसीन लावून हाताने क्रँक फिरवा, इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच तरी हवेत.

डिचोलीकर
म्हणजे हेडच आधी. मी तरी दुसरं काय सांगत होतो?

वास्को_सेकंडगिअर
मोजायचं हेड आधी. पैसे पिस्टनलाच.