मदत हवी आहे: एकच टेबल, एकच ऑटोक्लेव्ह, ओटीचा दिवस लावायचा कसा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, सिस्टर आहे, नऊ वर्षं झाली. नाव विचारू नका. टेबल एक, चालू ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, एक (दुसरा दुरुस्तीच्या कागदांत अडकलाय). भूलवाले सर मंगळवार-शुक्रवार बाहेरून येतात, म्हणून ठरलेल्या सगळ्या केसेस त्या दोन दिवसांत कोंबायच्या.

मागच्या मंगळवारी लिस्टवर पाच होत्या. सर पोचले साडेअकराला. पहिली हर्निया, तर तिचा हत्यारांचा सेट रात्रीच्या सीझरला उघडलेला, आणि ते कोणी कुठे लिहिलेलंच नाही. पुन्हा ऑटोक्लेव्हला लावला. १२१ अंशांवर धरून, सुकून, निवून बाहेर यायला तास जातोच. तेवढ्यात अजून एक सीझर आली. ती अर्थातच आधी.

चौथ्या नंबरवर एक आजी, अंग बाहेर आल्याचं ऑपरेशन, शुगरची गोळी चालू. रात्री आठला जेवलेल्या. दुपारी दोनला माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, घोटभर पानी तं दे वं. रातच्यापासून उपाशी आहो मी." हात गार आणि घामानं ओला. शुगर तपासली, ५८. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, लावलं, केस शुक्रवारवर ढकलली. मुलगा कापूस वेचणी सोडून आला होता. बोलला काही नाही, फाइल गुंडाळत उभा राहिला.

त्याच दिवशी शेवटच्या केसला मॉप (रक्त टिपायचं फडकं) एक कमी भरला. पोट उघडं, सगळे थांबलेले. वीस मिनिटांनी बादलीत सापडला, दुसऱ्याला चिकटून बसलेला. मोजणारी मीच होते. मध्येच मला निर्जंतुक कपड्यांचा ड्रम आणायला पाठवलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची चेकलिस्ट भिंतीवर आहे. १९ मुद्दे: भुलीआधी, चिऱ्याआधी, ओटीतून बाहेर नेण्याआधी. आमच्याकडे केस संपल्यावर एका दमात १९ टिका पडतात.

माणसं वाढणार नाहीत हे धरून सांगा. क्रम कसा लावावा? पाणी कधीपर्यंत चालतं? आणि मोजणारीला कोणी उठवू नये म्हणून काय करता?

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, वर्धा)
ताई, जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. अर्थात ठरलेल्या केसला. आतडं अडकलेलं, उलट्या, इमर्जन्सी यांचं वेगळं. शुगरवाली आजी पहिली, लहान मूल असेल तर तेही सकाळीच, पू असलेली केस सगळ्यात शेवटी. तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो: अँटिबायोटिक वॉर्डात सकाळी आठला टोचत असाल तर बंद करा. ते चिऱ्याआधी तासाभरात गेलं पाहिजे. लिस्ट लांबली की सकाळचं इंजेक्शन फुकट. चेकलिस्ट मोठ्यानं वाचा. २००९ साली आठ शहरांतला अभ्यास छापून आला, त्यात दिल्लीही होती; चेकलिस्ट वापरायला लागल्यावर ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले होते. टिका मारून ते होत नाही.

प्रतिसाद (निवृत्त ओटी सिस्टर, अमरावती)
सीझरचे दोन सेट लाल फडक्यात बांधून वेगळ्या कपाटात ठेव. हर्नियाच्या सेटला रात्री कोणी हात लावायचा नाही, लावला तर दारावरच्या पाटीवर लिहायचं. मॉप पाच-पाचच्या गड्डीनं द्यायचे, दोघींनी मोठ्यानं मोजायचं. मोजणी चालू असताना कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. सर्जन रागावतात, रागावू दे. ड्रम आणायला वॉर्डबॉय मामांना पाठव.

धागाकर्ती
लाल फडकं उद्याच शिवून घेते, मॅडम. सर, पाण्याचं पटलं, पण केस दोन तासांनी लागेल हे वॉर्डाला सांगायचं कोणी? आमचे सर कधी पोचतील ते त्यांनाच ठाऊक नसतं.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, वर्धा)
घरून निघाले की फोन करायला सांगा. आणि तो फोन ओटीत नको, वॉर्डात येऊ द्या.