गाडी अडीच महिने उभी राहणार, बॅटरीला ट्रिकल चार्जर लावून ठेवला तर चालेल का?

बावडेकर_७२
राम राम मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), पाणी घालायची झाकणं असलेली. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत गाडी रंकाळ्याकडच्या अपार्टमेंटच्या पार्किंगात उभी राहणार. प्लगपॉइंट शेजारीच आहे, भाऊ आठ-दहा दिवसांनी चक्कर टाकेल. जुना लोखंडी डब्याचा चार्जर आहे, तो कमी अँपिअरवर ठेवून सतत चालू ठेवू का? बॅटरी गाडीतून काढायला लागते का? आणि पावसात लाइट जाते-येते, त्यानं काही बिघडतं का?

व्होल्टवाला
तो डबा लावून गावाला जाऊ नका, एवढं आधी सांगतो. त्यात नुसता ट्रान्सफॉर्मर आणि डायोड. बॅटरी भरली तरी तो थांबत नाही, व्होल्टेज १५-१६ पर्यंत चढतं, पाणी उकळल्यासारखं बुडबुडे येऊन उडून जातं आणि प्लेटा उघड्या पडतात. अँपिअर कमी असले म्हणून सुटका नाही, आठवड्यांचा हिशेब लागतो.

तुम्हाला हवा तो फ्लोट मोडवाला ऑटोमॅटिक चार्जर. तो आधी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरतो आणि मग १३.५ ते १३.८ वर धरून ठेवतो. घेताना खोक्यावर फ्लोट किंवा मेंटेनन्स लिहिलंय का बघा, नुसत्या 'ट्रिकल' शब्दावर जाऊ नका. १ अँपिअरचा धरून ठेवायला पुरतो. पण अर्धी उतरलेली ३५ एएच त्यानं भरायला २० तासांच्या वर जातात, म्हणून ३ ते ४ अँपिअरचा घेतला तर दोन्ही कामं होतात. एएचच्या दहा टक्के हा आपल्या बॅटरीवाल्यांचा जुना हिशेब इथंही बरोबर बसतो. बॅटरीवर एजीएम (ॲसिड काचेच्या लोकरीत शोषलेली बंद बॅटरी) लिहिलं असेल तर एजीएम मोड पाहिजे, लिथियमचा मोड मात्र चुकूनही लावू नका.

शाहूपुरी_गॅरेज
वरचं बरोबर. आता जोडणीचं.

बॅटरी काढायची गरज नाही. गाडी बंद, चावी बाहेर, चार्जरचा स्विच बंद. आधी लाल चिमटा प्लसला. काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर न लावता इंजिनाच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या जाड बोल्टवर, बॅटरीपासून लांब. मग स्विच चालू. काढताना उलटं: आधी स्विच, मग काळा, शेवटी लाल. कारण भरताना हायड्रोजन निघतो आणि चिमट्याची ठिणगी बॅटरीच्या डोक्यावर पडली तर झाकण उडतं, ॲसिड तोंडावर येतं. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत मायनसच्या टर्मिनलवर सेन्सर असतो, चिमटा थेट खांबाला लावला की गाडीचा चार्जचा हिशेब चुकतो, हेही एक कारण.

अडीच महिने चिमटे ठेवू नका, ते हलतात. रिंगवाली वायर बोल्टखाली कायमची बसवा, तिच्यात प्लसच्या जवळ फ्यूज हवाच. वायर पंख्यात किंवा बॉनेटच्या कडेत सापडणार नाही बघा. चार्जर फरशीवर किंवा भिंतीला, बॅटरीवर ठेवायचा नाही आणि चादरीनं झाकायचा नाही. पावसाळ्यात पार्किंगात उंदीर इंजिनाच्या आडोशाला येतात, भावाला दर चकरेत वायर बघायला सांगा.

पाण्याचं: डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला. आधी घातलं तर पाणी फुगून झाकणातून ॲसिडसकट बाहेर येतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तरच आधी प्लेटा बुडेपर्यंत घालायचं. आरओचं किंवा नळाचं नाही, आणि ॲसिड तर अजिबात नाही. झाकणं घट्ट ठेवा, त्यांना वाफेची भोकं असतातच.

कोल्हापुरी_पाना
चार्जर कशाला? १० नंबरच्या पान्यानं मायनस काढून ठेवा, काम संपलं. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, अलार्म मिळून साधारण ३० मिलीॲम्पिअर खातात. म्हणजे दिवसाला ०.७२ एएच, ३५ एएचची बॅटरी २४ दिवसांत अर्धी. मायनस काढला की हे थांबतं. भावानं दहा मिनिटं गाडी चालू ठेवून बंद करणं मात्र नको, सेल्फनं खाल्लेलंही धड भरत नाही आणि सायलेन्सरात पाणी साठतं.

व्होल्टवाला
पान्याचं म्हणणं नवीन बॅटरीला पटतं. पण जुनी झाली की आपोआप उतरतेच, १२.४ व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिली तर प्लेटांवर सल्फेट कडक होतो आणि मग कितीही चार्ज करा, धरत नाही. त्यात मायनस काढला की खिडकीच्या काचेचं ऑटो बटण आणि रेडिओ पुन्हा सेट करत बसायचं. तरी पॉइंट नसणाऱ्यांना तोच उपाय बरा.

जायच्या आधी हे करा. बॅटरी पूर्ण भरा, पाच-सहा तास तशीच ठेवा, मग मीटरनं मोजा. १२.६ किंवा वर आलं तर चांगली. १२.२ म्हणजे अर्धी. भरूनही १२.४ च्या पुढं जात नसेल तर बॅटरीवाल्याकडून एकेक सेल हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीनं) तपासून घ्या. एका सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं कमी असेल तर तो सेल गेला, चार्जर त्याला वाचवणार नाही. बॅटरीचा हिरवा डोळा (चार्ज दाखवणारी वरची खिडकी) फक्त एकाच सेलचं सांगतो.

बावडेकर_७२
आभार मंडळी. ऑटोमॅटिकच घेतो. लाइट गेली तर?

शाहूपुरी_गॅरेज
लाइट गेल्यानं बॅटरीचं काही बिघडत नाही. प्रश्न लाइट आल्यावरचा आहे. काही चार्जर स्वतः चालू होतात, काहींचं बटण पुन्हा दाबायला लागतं. दुकानातच प्लग काढून-घालून बघा. पॉइंट तीन पिनचा, अर्थिंगवाला, ३० मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असावा. एक्स्टेंशनचा जोड जमिनीवर लोळू देऊ नका.

बॅटरी हाताला गरम लागली, फुगली किंवा सडक्या अंड्याचा वास आला की भावानं वायरीला हात न लावता भिंतीवरचा स्विच बंद करायचा, गेट उघडून हवा होऊ द्यायची.

पार्किंग सखल असेल तर अजून एक. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडं सरकली की चार्जर काढून वर न्या आणि गाडी उंचावर लावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. धोक्याच्या ४३ फुटांची वाट बघू नका.