बडोदा: गाडीचं ऑइल-फिल्टर घरीच बदलायचंय, २,००० च्या आत. काय घेऊ?

गोत्रीकर: नमस्कार मंडळी. २०१३ ची स्विफ्ट, पेट्रोल, ८२,००० किमी. गेल्या सर्व्हिसला नव्या फिल्टरचे पैसे घेतले आणि घरी येऊन वाकून बघतो तर तोच जुना, गंजलेला. म्हणून यंदा स्वतः करणार. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल आहे. ऑइल, फिल्टर, हत्यारं सगळं २,००० मध्ये बसवायचंय. पार्किंग सपाट आहे. गाडी उचलायची कशी?

रावपुरा_वाला: फुल सिंथेटिकच घ्या, दुसरा विचार नको. माझ्या डिझेल एसयूव्हीला ५,००० चं टाकतो, इंजिन लोण्यासारखं चालतं. माझ्याकडे अर्धा कॅन उरलाय, हवा तर देतो.

अलकापुरी७: बडोद्याच्या मे महिन्यात ५डब्ल्यू-३० पाण्यासारखं पातळ होईल. वडील अँबॅसेडरला २०डब्ल्यू-५० टाकायचे, कधी तक्रार नाही.

कोयली_निवृत्त: रिफायनरीत आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती लवकर वाहतं त्याचा, दुसरा १०० अंशांना किती दाट राहतं त्याचा. बाहेर ४३ अंश असोत की १२, चालत्या इंजिनात ऑइल त्याहून कितीतरी जास्त तापलेलंच असतं. अँबॅसेडरच्या आणि आजच्या इंजिनातल्या फटी सारख्या नाहीत. मॅन्युअलमधलाच ग्रेड टाका. आणि डिझेलचा उरलेला कॅन नको, पेट्रोल इंजिनासाठीचं सीलबंद घ्या.

रावपुरा_वाला: कॅन चांगल्या कंपनीचा आहे काका. असो.

मांजलपूर_मी: माझी चूक सांगतो. फिल्टर काढला, पण जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. अंधारात दिसली नाही. नवा फिल्टर तिच्यावरच बसवला. गाडी चालू केली आणि मिनिटभरात सगळं ऑइल फरशीवर! सोसायटीनं डाग पुसायचे ५०० घेतले. जुन्या फिल्टरवर रिंग आलीय ना, ते आधी बघा.

अलकापुरी७: ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. गाडी सुरू न करता टो करून नेली म्हणून इंजिन वाचलं. ऑइल दोनदा बदलावं लागलं. विमा कंपनीनं मात्र रडवलं.

मांजलपूर_मी: विम्याचं आम्हालाही तसंच. सहा महिने हेलपाटे.

मकरपुरा_फिटर: विम्याचा वेगळा धागा काढा. गोत्रीकर, गाडीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको. खालचा ड्रेन नट काढून जुनं ऑइल सोडा, परत लावताना त्याला नवा वायसर. नटाचे आटे हातानं धरवा, मग पाना. आडवा बसवून जोर केला तर चेंबरचे (खालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात आणि खर्च हजारात. फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवा, रबर टेकलं की हातानंच साधारण पाऊण फेरा. ऑइल मापापेक्षा थोडं कमी भरा, दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून बाकीचं भरा.

रावपुरा_वाला: मीही तेच म्हणणार होतो. फक्त सिंथेटिक.

सयाजीबाग_सकाळ: कोणीच विचारलं नाही, जुनं ऑइल कुठे जाणार? गटारीत ओतलंत तर ते विश्वामित्रीत जातं. मगरी आहेत तिथे, कासवं आहेत. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून गोळा करणारे नेतात.

गोत्रीकर: झालं एकदाचं. जॅक आणि स्टँडच माझं बजेट खात होते, म्हणून घेतलेच नाहीत. गाड्या धुण्याच्या एका रॅम्पवर अर्ध्या तासाचे १०० दिले आणि सगळं स्वतः केलं. सेमी सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, फिल्टर, वायसर, फिल्टरचा पाना आणि रॅम्प मिळून १,८६०. रिंग खरंच इंजिनालाच चिकटली होती, मांजलपूरचे आभार. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडा. जुनं ऑइल रॅम्पवाल्याच्याच पिंपात.

मकरपुरा_फिटर: आठवड्यानं ड्रेन नटाखाली एकदा बोट फिरवून बघ.

मांजलपूर_मी: रॅम्प रविवारी उघडा असतो का?