ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन पेन प्रवासात थंड कसं ठेवता? मदत हवी आहे

मुलगी ९ वर्षांची, टर्नर सिंड्रोम आहे (कॅरिओटाइप ४५,एक्स, म्हणजे जन्मतः एक एक्स गुणसूत्र कमी, त्यामुळे उंची कमी राहते), वजन २२ किलो. सात महिन्यांपासून रोज रात्री १ मिलिग्रॅम ग्रोथ हार्मोन चालू आहे, उंची छान वाढतेय त्यामुळे एकही डोस चुकवायचा नाहीये. मे महिन्यात सोलापूरहून मालवणजवळ गावी जायचंय, गाडीने दहा-अकरा तास लागतात आणि गावात लाइट गेली की पाच-सहा तास येत नाही.

आमचं पेन २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं असतं, उघडल्यावरही. काही ब्रँड बाहेर चालतात म्हणे पण डॉक्टरांना विचारलं, आमचा नाही चालत, आणि सहा कार्ट्रिज (पेनमध्ये घालायच्या औषधाच्या नळ्या) घेऊन ठेवलीयत त्यामुळे आत्ता ब्रँड बदलणं शक्य नाही.

दिवाळीत थर्मासमध्ये आइस पॅकला चिकटून ठेवलं तर कार्ट्रिजमध्ये बर्फाचे कण दिसायला लागले, गोठलेलं वापरायचं नसतं म्हणून अख्खं फेकावं लागलं, फार जीवावर आलं हो. नंतर घरी टॉवेलात गुंडाळून थर्मामीटर ठेवून बघितलं तर चार तासातच १३ डिग्री. इन्सुलिनवाले पाण्यात भिजवायचे पाउच माहितीयत, पण ते साधारण २५ पर्यंतच ठेवतात, आम्हाला उपयोग नाही.

तर ज्यांनी उन्हाळ्यात असा प्रवास खरंच केलाय त्यांनीच सांगा प्लीज, कुठला बॉक्स वापरलात, पॅक आणि पेनच्या मध्ये काय ठेवलंत, आणि न गोठता ८ च्या खाली किती तास राहिलं?