मदत हवी आहे: 'थर्टीन असॅसिन्स'ची मूळ जपानी आवृत्ती

ताकाशी मिइके यांच्या 'थर्टीन असॅसिन्स' (२०१०) या चित्रपटाची जपानमध्ये प्रदर्शित झालेली सुमारे १४१ मिनिटांची आवृत्ती मी शोधत आहे. परदेशांसाठी तिच्यातून जवळपास १५ मिनिटे कापण्यात आली आणि माझ्याकडची ब्लू-रे त्या कापलेल्या आवृत्तीचीच आहे. वगळलेली दृश्ये तीत स्वतंत्रपणे दिली आहेत, परंतु पाठीवर आग पेटलेले बैल गावात सोडले जातात त्या अखेरच्या लढाईपर्यंतचा संथ चढता ताण सलग पाहिल्याशिवाय कळणार नाही, असे मला मनापासून वाटते. भारतातील स्ट्रीमिंग सेवांवर शोधूनही पूर्ण आवृत्ती सापडली नाही. माझा प्लेअर सर्व रीजनच्या (म्हणजे जगातील कोणत्याही भागासाठी काढलेल्या) डिस्क चालवतो; बेकायदा प्रत नको. इंग्रजी सबटायटल्ससह पूर्ण आवृत्ती असलेली नेमकी कोणती डिस्क मागवावी?