वहिनी पोलीस ठाण्यात गेली, आणि आमचा कापूस झाडावरच राहिला

नाल्यापल्याड:
यवतमाळ जिल्ह्यातलं दीडेकशे उंबऱ्यांचं गाव. त्यातली साठ घरं आमच्या पंथाची. पंथाचं नाव सांगत नाही, सांगून काही साधणारही नाही. मठाच्या वसतिगृहात तीस पोरं राहतात. वहिनी तिथं सैपाकाला होती. श्रावणात एका दहा वर्षांच्या पोराचा हात मोडला. घरी निरोप गेला, कडुनिंबावरून पडला. वहिनीनं मात्र सेवेकऱ्याला काठी हाणताना पाहिलं होतं. तिनं आधी महाराजांच्या कानावर घातलं. 'पाहतो' म्हणाले. महिना गेला, काही नाही. मग ती ठाण्यात गेली.

वाळीत टाकलं असं आजवर कोणी तोंडानं म्हटलेलं नाही. फक्त तेरवीचं आवतन आमचं दार सोडून पुढं जातं. चक्कीवर दळण 'उद्या घेऊन जा'. सीतादहीला, म्हणजे कापूस वेचणीच्या मुहूर्ताला, बाया सांगितल्या होत्या, एकही आली नाही. पाच एकर कापूस फुटून लोंबतोय आणि वर आभाळ भरून आलंय. मी नागपूरला नोकरीला. शनिवार-रविवार जाऊन भावासोबत वेचतो, दोघं मिळून दिवसाला चाळीस किलोही होत नाही. आई राग काढते तो वहिनीवरच.

मारणाऱ्याला लोक वाकून नमस्कार करतात आणि सांगणारीला कोणी पाणी विचारत नाही. हे कुठल्या शिकवणीत बसतं, तेवढं कोणी सांगा.

जुना_सेवक:
ही एक बाजू झाली. मी अशाच एका मठात वाढलो. बापाजवळ वहीला पैसे नव्हते, मठानं दहावीपर्यंत जेवू घातलं. छड्या मीही खाल्ल्या, मेलो नाही. पोलीस दारात आले की पेपरात नाव येतं ते पंथाचं, सेवेकऱ्याचं नाही. मग वर्गणी आटते, वसतिगृहाला कुलूप लागतं. तीस पोरं कुठं जातील, हा विचार तुमच्या वहिनीनं केला का? महाराज 'पाहतो' म्हणाले होते ना? अजून थोडं थांबायचं होतं. घरातलं घरात मिटतं.

पऱ्हाटी:
थांबाचं म्हणजे दुसरा हात मोडेपर्यंत काय भौ? एका महिन्यात त्या सेवेकऱ्याले साधं दुसऱ्या कामावर तरी लावलं का, थे सांगा आधी.

कोर्टकचेरी:
छडी वेगळी, मोडलेला हात वेगळा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: संस्थेत कामाला असलेल्या माणसानं मुलाशी क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. यात 'घरातलं घरात' असा पर्यायच नाही. दुसरं म्हणजे, वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. २०१६चा, जुलै २०१७पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार द्या.

जुना_सेवक:
कायदा आम्हालाही कळतो. मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कारबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली रद्द केला. कोणाला आत ठेवायचं, कोणाला काढायचं हा पंथाचा हक्क आहे.

कोर्टकचेरी:
ते प्रकरण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचं, आणि प्रश्न धार्मिक कारणावरून बाहेर काढण्याचा होता. तो निकालही २०२३ मध्ये फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे गेला आहे. आणि दळण न देणं, मजूर अडवणं यात धर्म कुठं आला? वहिनीनं कुठली पोथी नाकारली?

धुऱ्यावरची:
कलमं ठीक हायेत दादा, पन साक्षीले कोन येईन? चक्कीवाला म्हनन पट्टा तुटला होता. बाया म्हनतीन आमाले दुसरीकडं रोज भेटला. खोटं काहीच नाही आन् खरंबी काहीच नाही. माया माहेरी हेच झालं होतं, पैशाच्या हिशोबावरून. इचारनारा मानूस होता त्याले चार जन समजवाले तरी आले. इथं बाई हाय, तर घरातली सासूच पयले बोलते.

जुना_सेवक:
ताई, हे खरं आहे, नाकारत नाही. त्या सेवेकऱ्याला त्याच दिवशी काढायला पाहिजे होतं, हेही मान्य. पण ठाण्याची पायरी चढायला नको होती. बाहेरचे लोक आमच्यावर टपलेलेच असतात.

पऱ्हाटी:
बाहेरच्याईचं भेव हाय, आन् पोट्ट्याईले आतल्याचं. बरं, त्या पोराचा बाप काय म्हनते?

नाल्यापल्याड:
बाप वहिनीशी बोलत नाही. पोरगं अजून तिथंच आहे, प्लास्टर काढलं मागच्या आठवड्यात. बापाचं दुसरं पोरगंही पुढच्या वर्षी तिथंच घालायचंय. मी त्याला दोष देऊ शकत नाही, घरी एक एकर कोरडवाहू आहे.

कोर्टकचेरी:
पोरगं अजून तिथंच? मग बहिष्काराचं नंतर बघू. आजच १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदत क्रमांकाला, फोन करा, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपर्यंत जाऊ द्या. नाव न सांगताही करता येतो.

नाल्यापल्याड:
नाव लपवून काय उपयोग, अख्ख्या गावाला माहीत आहे कोण करणार ते. करतो. वहिनी म्हणते मीच बोलते.

जुना_सेवक:
वसतिगृह बंद पडलं तर त्या तीस पोरांची सोय कोण करणार, याचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही.

पऱ्हाटी:
नाही देल्लं, खरं हाय. थे समितीले इचारा, वहिनीले काहून इचारता?

धुऱ्यावरची:
नाल्यापल्याड भाऊ, आमच्या गावून बारा बाया येतीन. किलोमागं जो भाव चालू हाय थोच. गाडीभाडं तुमी द्याचं. तुमच्या पंथातली यकबी नाही, त्याच्यानं कोनी अडवनार नाही. कवा पाठवू?

नाल्यापल्याड:
सोमवारी. भाडं मी देतो. वावर नाल्याच्या पल्याड आहे, गाडी पुलापर्यंतच येते, तिथून पायी.

धुऱ्यावरची:
चालते. पान्याचा ड्रम भरून ठेवा, चक्कीवानी 'उद्या' नोका म्हनू.